राखेचा फळा

रविवार, २९ एप्रिल १९७९. वेळ: संध्याकाळ, ऊन उतरल्यावर. जागा: कोराडी वीज केंद्राच्या कॉलनीतली महिला मंडळाची खोली.

हजर: अध्यक्षा, म्हणजे मोठ्या साहेबांच्या मिसेस. उपाध्यक्षा. खजिनदार. आमच्या आणि मागच्या ओळीतल्या जवळजवळ सगळ्या बाया. माझ्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांच्याकडे लग्न होतं. चिटणीस, म्हणजे मी. गैरहजर: कोणी नाही.

एरवी भरतकामाच्या प्रदर्शनाची सभा असली की कोरम भरायला मला घरोघर जाऊन दारं वाजवावी लागत. त्या दिवशी सतरंज्या कमी पडल्या. विषय एकच होता: दूध केंद्राजवळच्या फळ्यावर कोणी लिहायचं आणि कोणाच्या अधिकाराने. तो फळा मी लिहीत होते. तीन उन्हाळे रोज लिहीत होते, आणि त्या आठवड्यात सगळी कॉलनी माझ्यावर चिडलेली होती.

फळ्याची गोष्ट आधी सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

कॉलनीत नवीन आलेल्या बाईला पहिल्याच उन्हाळ्यात एक धडा मिळे. ती गावाकडच्या सवयीने गच्चीवर वाळवण घाली. मूगवड्या, पापड, मिरच्या, सगळं ओळीने. दुपारी उलटायला गेली की प्रत्येक वडीवर करडी पावडर. वीज केंद्राच्या उंच चिमण्यांची राख रोज पडत नसे, सगळीकडे पडत नसे. वारा ठरवत असे. मीही एक अख्खं सूप मूगवड्या गाईपुढे ओतल्या आणि ठरवलं, हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. मला एकच काम दोनदा करणं आवडत नाही.

मग मी बघायला लागले. सकाळी दूध आणायला जाताना चिमण्यांकडे पाहायचं. धूर तलावाकडे झुकला की दिवस चांगला. क्वार्टर्सकडे झुकला की गच्चीवर जायचंच नाही. सरळ वर गेला तर थांबायचं, कारण ऊन चढलं की वारा कुठून तरी येतोच. यात काही विद्या नव्हती. रोज मान वर करून पाहायचा कंटाळा न करणं, एवढंच होतं.

दूध केंद्राच्या भिंतीला एक जुना फळा टांगलेला होता. गणपतीच्या कार्यक्रमांसाठी आणलेला, वर्षभर रिकामा. एका सकाळी रांगेत उभी असताना मी त्यावर खडूने लिहिलं: "आज वाळवण घालू नये. राख येईल." खाली तारीख टाकली. बस.

रांगेतून लगेच आवाज आला, "अवं माय, हवामान खातं उघडलं बाप्पा आपल्या कॉलनीत!"

"कोन लिहिलं वं?"

"थे काय, चिटणीस बाई."

"यायचे मिस्टर बॉयलरले आहेत काय?"

"कायचे बॉयलरले! स्टोअरले आहेत. नटबोल्ट मोजते."

हसू झालं. त्या दिवशी राख पडली. दुसऱ्या दिवशी हसू जरा कमी झालं.

मी रोज लिहीत गेले. चांगल्या दिवशी "घाला", वाईट दिवशी "घालू नका". आणि ज्या दिवशी चुकले त्याच्या दुसऱ्या सकाळी पहिल्या ओळीत लिहायचे: "काल माझा अंदाज चुकला. दुपारी वारा फिरला." आमचे हे म्हणाले, "चूक कशाला लिहितेस? लोक विसरतात." मी म्हटलं, लोक विसरत नाहीत, फक्त तोंडावर बोलत नाहीत. उलट चूक लिहायला लागल्यापासून बायांचा विश्वास वाढला हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तर आधी फळा वाचायचा आणि मग डाळ भिजवायची, अशी रीतच पडली. "फळ्यावर आहे" म्हटलं की विषय संपायचा.

इथपर्यंत बरं होतं. पण विश्वास एकदा बसला की तो आपल्याला विचारून वाढत नाही. फळ्याच्या खालच्या कडेला दुसऱ्यांची अक्षरं दिसू लागली. "गॅसचे सिलिंडर कधी येतील तेही लिहावे." "जरीपटक्याच्या बाजारात स्वस्त स्टील कोणाकडे?" "नवीन डॉक्टर कसे आहेत?" मी एकदा मोठ्या अक्षरात लिहिलं, "येथे फक्त राखेची माहिती मिळेल." त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं, "मग बाकीची कोठे मिळेल?" आणि कोण्या टवाळ बाईने त्याखाली, "पोरीचं लग्न कधी जमेल तेही सांगा."

मला राग यायचा. मला ठाऊक होतं ते मी लिहीत होते. लोकांना त्याच हातून सगळं हवं होतं. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर मी एखाद्या दिवशी "आज सांगता येत नाही" लिहिलं की रांगेत जी नाराजी पसरायची त्याचा. "सांगता येत नाही तं फळा कायले टांगला?" असं एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली. चुकलेलं त्यांना चालायचं. माहीत नसलेलं चालत नसे.

आता त्या आठवड्याकडे येते.

खालच्या वहिनींच्या थोरल्या मुलीचं लग्न मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं. वहिनींच्या घरची माणसं चांगली, शेतीवाडीची, मूळ काटोलकडची. स्वयंपाकघरातून हाक मारली तरी वरच्या मजल्यावर मला नीट ऐकू येईल असा वहिनींचा आवाज. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मुलाची आई जेवताना सहज म्हणाली होती, "कॉलनीतल्या लोकांले कुरोड्या कोठच्या जमते? तुमी आपल्या बजारातून आनाल." सहजच म्हणाली, पण ते वाक्य वहिनींच्या घशात अडकून बसलं. रुखवतात कुरडया पांढऱ्याशुभ्र असल्या पाहिजेत आणि घरच्याच असल्या पाहिजेत, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

कुरडईची अडचण अशी की ती मूगवडीसारखी थांबत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतायचं आणि पहाटे तो शिजवायचा. शिजवला की गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. एकटीचं काम नव्हे. एक ढवळायला, दोघी सोऱ्या दाबायला, एक प्लास्टिकच्या कागदावर जागा सांभाळायला. आणि त्या दिवशी नाही घातला तर चीक आंबतो, कुरडई पिवळी पडते. म्हणजे गहू भिजवताना तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा वारा माहीत हवा. तो कोणालाच माहीत नसतो. मलाही नव्हता. हे मी वहिनींना गहू भिजवायच्या आधी सांगितलं होतं.

त्या बुधवारी सकाळी चिमण्यांचा धूर सरळ वर गेला आणि वर जाऊन छत्रीसारखा पसरला. ना तलावाकडे, ना आमच्याकडे. मी लिहिलं, "आज सांगता येत नाही. दुपारी वारा फिरू शकतो." खडू कट्ट्यावर ठेवला. मागे वहिनी उभ्या, हातात रिकामी बाटली, डोळे तांबारलेले. रात्रभर झोपल्या नव्हत्या.

"बाई, आज तं घाला लिहा ना."

"कसं लिहू वहिनी? तुम्हीच वर पाहा."

"म्या पाहिलं. पन चीक काढून ठेवला आहे. उद्या आंबते."

"तुमचा चीक आंबेल म्हणून वारा ऐकणार आहे का?"

"वाऱ्याचं मले काय करायचं! बाया येत नाही ना. सगळ्याजनी म्हनून राहिल्या, फळ्यावर घाला असन तं आमीही आपलं घेऊन गच्चीवर येतो, तुमच्या हाताखाली लागतो. नसन तं कोन येते उन्हात? मी एकली काय करू?"

मला त्यांची अडचण कळत होती. मी म्हटलं, मी स्वतः थांबले असते, पण मंडळाच्या शिवणवर्गाचं कापड आणायला नागपूरला गांधीबागेत जायचं आहे, व्यापाऱ्याने आजचीच वेळ दिली आहे. "पाहिजे तर तुम्ही दारोदार जाऊन बायांना खरं सांगा. म्हणावं, नक्की नाही, पण माझी अडचण आहे, या."

"अडचनीसाठी कोन येते बाई," त्या म्हणाल्या. "फळ्यासाठी येते."

मी सकाळच्या बसने शहरात गेले.

गांधीबागेत ठाणं उलगडायला, रंग पसंत करायला आणि घासाघीस करायला दुपार झाली. परतीच्या बसमध्ये गठ्ठा पायात घेऊन बसले होते तेव्हाच खिडकीतून मला धूर दिसला. तो क्वार्टर्सवर आडवा लोळत होता. माझ्या मनात आलं, बरं झालं, आज "घाला" लिहिलं नाही.

स्टॉपवर उतरले तर चार-पाच जणी उभ्याच.

"आल्या वं, आल्या हवामान खातं."

"काय झालं?"

"काय झालं म्हनून राहिल्या! गच्चीवर जाऊन पाहा काय झालं. माह्या वर्षाच्या मिरच्या आहेत तिथं, सिमिटाच्या पोत्यातून काढल्यावानी."

"पण आज मी घाला लिहिलंच नव्हतं."

"मंग का आमी लिहिलं?"

मी गठ्ठा तिथेच ठेवला आणि दूध केंद्राकडे गेले. फळ्यावर खडूने ठळक लिहिलेलं होतं: "आज घाला." माझ्या ओळी ओल्या फडक्याने पुसलेल्या होत्या, पण घाईत, त्यामुळे "दुपारी" हा शब्द अजून अर्धवट दिसत होता. तारीख माझीच, सकाळची, तशीच ठेवलेली.

मी बोटाने तो अर्धा शब्द दाखवला. मागून आलेल्या बायांनी पाहिला. एक म्हणाली, "तुमीच लिहिलं, तुमीच बदललं असन." खडूचं अक्षर कोणाचं ते कोण ओळखणार?

त्या दिवशी आमच्या ओळीतली एकही गच्ची वाचली नव्हती. मूगवड्या, मिरच्या, उडदाचे पापड, सगळं करडं. फक्त एका कोपऱ्यातला माल शाबूत होता. वहिनींच्या कुरडया. त्यांच्यावर नवऱ्याची जुनी धोतरं अंथरून कडेला विटा ठेवलेल्या होत्या. धोतरांवर राखेचा थर, खाली कुरडया दुधासारख्या. बाकीच्या बाया म्हणत होत्या, "नशीब वं माय, लग्नाचा माल वाचला. देव आहे."

मी धोतरांकडे पाहत राहिले. फळ्यावर "घाला" वाचून आलेली बाई धोतरं कशाला आणेल?

संध्याकाळी वहिनी मागच्या जिन्याने वर आल्या. ताटात चार कुरडया, झाकून.

"म्याच लिहिलं बाई," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच हळू. "तुमचं वाचलं होतं, म्हनून बाया खाली गेल्यावर झाकून ठेवल्या."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यायले झाका म्हटलं असतं तं त्यायनं इचारलं असतं, काहून? मंग गेल्या असत्या सगळ्या खाली."

त्यांनी अगदी बरोबर हिशोब केला होता. तीन उन्हाळे मान मोडून मी जे मिळवलं ते एका सकाळी दोन शब्दांत त्यांनी वापरून संपवलं. माझ्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं असतं तर एक बाई आली नसती.

"आता खाली जाऊन सांगा सगळ्यांना," मी म्हटलं.

"लगन होऊ द्या बाई. पाया पडतो. आता सांगतलं तं एक बाई मांडवात पाय ठेवणार नाही. आन् व्याह्यांच्या कानावर गेलं तं थे बाई काय म्हनन? पोरीची मान खाली जाईन. लगन झालं का मी सोताच सांगतो, फळ्यासमोर उभी राहून."

मुलगी खाली गॅलरीत बसून नखं रंगवत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी कुरडया परत दिल्या आणि हो म्हटलं.

अशी ती रविवारची सभा.

अध्यक्षा मॅडम पुण्याकडच्या, बोलणं नीटनेटकं. त्यांनी सुरुवातच केली, "मला एक सांगा, हे लिहिण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला होता?"

"कोणी दिला नव्हता," मी म्हटलं. "रोज लिहिलं, इतकंच."

"म्हणजे ऑथराइज्ड नव्हतं."

"नव्हतं. पण बुधवारचं ते वाक्य माझं नाही. माझं वाक्य पुसून कोणीतरी ते लिहिलं."

"कोणी?"

वहिनी माझ्या समोरच्या रांगेत बसल्या होत्या. मी म्हटलं, "ते मी आत्ता सांगणार नाही."

यावर जो गलका झाला तो मी समजू शकते. त्यांच्या जागी मी असते तर मीही ओरडले असते. "सांगनार नाही म्हंजे तुमीच!" "चूक झाली तं झाली म्हना ना, एरवी तं लिहिता!" मला नेमकं तेच टोचलं. एरवी मी चूक लिहायचे, म्हणून तर त्यांचा माझ्यावर विश्वास होता. आणि आता जी चूक माझी नव्हती ती न लिहिल्यामुळे तो जात होता.

मग वहिनी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलतात. त्या बोलल्या, खोलीच्या बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात: "जाऊ द्या वं बायांनो! चूक कोनाची होत नाही? बिचाऱ्या बाई रोज सकाळी आपल्यासाठी मान वर करून उभ्या राह्यते. एखाद्या दिवशी चुकलं माणूस. माफ करून टाका!"

बायांनी माना डोलावल्या. एकीने त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मी हातातलं पेन इतकं दाबलं की निब वाकलं. माफीची मला गरज नव्हती, आणि ती मला अशा हाताने मिळत होती की नाकारताही येईना.

ठराव झाले. फळा यापुढे मंडळाच्या ताब्यात. मजकूर अध्यक्षांच्या सहीशिवाय लिहू नये. फळ्याला काच आणि कुलूप. आणि शेवटचा: बुधवारी चुकीची सूचना कशी लागली याचा खुलासा चिटणीसांनी फळ्यावर लिहावा. हा ठरावही मीच लिहून घेतला. दुसरं कोण लिहिणार होतं?

लग्न थाटात झालं. रुखवतातल्या कुरडया मुलाच्या आईने हातात घेऊन उजेडात धरून पाहिल्या आणि काही बोलली नाही, म्हणजे पसंत पडल्या. मीही वाढायला होते.

काच लागली, कुलूप लागलं. मॅडमनी एक वाक्य ठरवून दिलं: "वाळवण ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर घालावे." ते वाक्य रोज खरं होतं. राख पडली तरी खरं, नाही पडली तरी खरं. पहिले काही दिवस बायांनी वाचलं, मग रांगेत उभ्या राहून त्याच्याकडे पाठ करून गप्पा मारायला लागल्या.

मला वाटलं होतं, सुटले. पण दुसऱ्याच आठवड्यात सकाळी दार वाजलं. मिरच्यावाली बाई.

"बाई, आज काय म्हनते?"

"फळा वाचा."

"फळ्याले काय समजते! तुमी सांगा ना."

"तुम्हीच त्या दिवशी म्हणालात ना, की मीच बदललं?"

"म्हटलं असन. तुमी चुकता, पन पाहता तरी." ती उंबऱ्यावरच बसली. "सांगा, घालू का नको?"

मी गॅलरीत जाऊन चिमण्यांकडे पाहिलं. "सांगता येत नाही," मी म्हटलं.

"असं काय करता? एक काहीतरी सांगा. तुमी घाला म्हटलं तं मी घालतो."

आणि मग राख पडली की स्टॉपवर उभी राहणार. तेव्हा मला कळलं की या बाईला वारा समजून घ्यायचा नव्हता. तिला निर्णय दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा होता, आणि माझा खांदा तिच्या सवयीचा होता. मॅडमकडे सही होती, कुलूप होतं, साहेबांचा फोन होता. त्यांना कोणी विचारत नव्हतं. मला विचारत होत्या, आणि कुठे लिहून ठेवायची सोय मला राहिली नव्हती. पूर्वी एकदा लिहिलं की काम व्हायचं. आता तेच उत्तर दूध उकळताना, डबा भरताना, केस विंचरताना वेगवेगळ्या बायांना द्यायचं. प्रत्येक बाई जिन्यातून खाली जाईपर्यंत त्यात आपलं काही मिसळायची. माझं "सांगता येत नाही" तळमजल्यावर पोचेपर्यंत "बाई घाला म्हणाल्या" झालेलं मी स्वतः ऐकलं आहे.

वहिनींना मी लग्नानंतर आठवण केली. "करतो ना बाई, पहिला श्रावण महिना होऊ द्या, जावई येऊन राहिले." मग दिवाळसण आला. मग मुलीला दिवस गेले. "आता नका बाई, व्याहीन घरात आहे." मग बारसं. त्या खोटं बोलत नव्हत्या. दर वेळी खरंच काहीतरी होतं, आणि दर वेळी त्या मुलीसाठीच घाबरत होत्या. ती मुलगी सासरी सुखात होती आणि मला ते मोडायचं नव्हतं. पण माझ्या नावावर लागलेली राखही मला पुसायची होती, आणि या दोन्ही गोष्टी एका फळ्यावर मावत नव्हत्या.

पुढे मॅडमच्या साहेबांची बदली झाली. नवीन अध्यक्षा आल्या, त्यांना फळ्यात रस नव्हता. त्यांनी कुलपाची किल्ली मला देऊन टाकली. मंडळाच्या प्रत्येक सभेच्या सुरुवातीला मागील बाकी कामं वाचायची पद्धत आहे. मी वाचते: सतरंज्या दुरुस्त करणे, झाले. शिवणयंत्राला तेल, झाले. फळ्यावर खुलासा, चिटणीस. इथे नवीन बाया विचारतात, कसला खुलासा? जुन्या बाया एकमेकींकडे पाहतात. वहिनी पदर सारखा करतात. मी पुढचं वाचते.

गेल्या आठवड्यात मी फळा धुऊन घेतला आणि खडूची पेटीही आणली. मजकूर मनात तयार आहे, चार ओळींचा, कोणाचं नाव न घेता. तो अजून लिहायचा आहे.